ताप आणि उशाशी बसलेला माणूस

ताप चढू लागतो तेव्हा आजाऱ्याला सर्वांत आधी थंडी वाजते, आणि ही गोष्ट कितीही वेळा पाहिली तरी पाहणाऱ्याचा गोंधळ उडतोच. पोट, पाठ आणि कपाळ हाताला चटका बसावा इतके गरम असते. पण तळहात आणि तळपाय गार पडलेले, ओठांचा रंग उतरलेला, दातांवर दात वाजत असलेले, आणि कितीही पांघरुणे घातली तरी पुरत नाहीत अशी अवस्था असते. अशा वेळी घरात दोन तट पडतात. एक जण म्हणतो, अंग एवढे भाजते आहे, पांघरूण काढा, पंखा लावा. दुसरा म्हणतो, हुडहुडी भरली आहे, आणखी एक रजई आणा. दोघांनाही आजाऱ्याची सारखीच काळजी असते आणि दोघांच्या बाजूने डोळ्यांसमोरचा पुरावा असतो. घरातल्या लहानांची आणि वृद्धांची आजारपणे काढताना हा वाद मी पुष्कळदा ऐकला आहे. तो मिटवायचा तर ताप अंगात कसा तयार होतो हे समजून घ्यावे लागते, आणि ते एकदा समजले की उशाशी बसणाऱ्याची निम्मी घालमेल कमी होते, असा माझा अनुभव आहे.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे, आणि शरीराचे तापमान किती असावे हे तो ठरवतो. गीझरचा काटा जसा विशिष्ट अंशावर लावून ठेवलेला असतो, तसाच हा भाग एरवी ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास लावलेला असतो. जंतूंचा शिरकाव झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिनसारखी काही प्रथिने रक्तात सोडतात, त्यांच्यामुळे प्रोस्टाग्लँडिन ई२ हे द्रव्य तयार होते, आणि ते हा काटा वर सरकवते. काटा ३९ वर गेला, पण अंग अजून ३७ वरच आहे, म्हणजे मेंदूच्या हिशेबाने शरीर चक्क गारठलेले आहे. मग थंडीत शरीर जे करते तेच सारे सुरू होते. हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, म्हणून हातपाय गार पडतात; स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात, तीच हुडहुडी. अंग ३९ ला पोहोचले की थंडी थांबते आणि चेहरा लालबुंद होतो. पुढे काटा खाली आला की रक्तवाहिन्या सैल होतात आणि दरदरून घाम फुटून ताप उतरतो. म्हणजे पांघरूण मागणाऱ्याचे म्हणणे एका तासाला बरोबर असते आणि ते काढू पाहणाऱ्याचे पुढच्या तासाला. थंडी वाजत असताना एक हलके पांघरूण द्यावे आणि घाम येऊ लागताच ते काढून कोरडे कपडे घालावेत, एवढेच करायचे असते.

उन्हाचा तडाखा बसून अंग तापते त्याची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे, आणि हा फरक प्रत्येक घराला ठाऊक असावा असे मला मनापासून वाटते. उष्माघातात मेंदूचा काटा जागेवरच असतो. बाहेरची उष्णता आणि शरीराने स्वतः निर्माण केलेली उष्णता बाहेर टाकणे शरीराला जमेनासे झालेले असते. त्यामुळे तिथे तापाच्या गोळीचा काहीही उपयोग होत नाही. कडक उन्हातून किंवा कोंदट, तापलेल्या जागेतून आलेला माणूस बरळत असेल, तोल जात असेल, शुद्ध हरपत असेल, तर त्याला सावलीत नेऊन, अंगावरचे जाड कपडे काढून, भरपूर गार पाण्याने भिजवणे, वारा घालणे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलावणे हाच उपाय. तिथे मिनिटे मोलाची असतात. संसर्गाच्या तापात सहसा इतकी घाई नसते.

शरीर हा एवढा खटाटोप मुद्दाम करते, याचा एक सुंदर पुरावा सरड्यांच्या एका जातीकडून मिळाला. सरड्याला स्वतःच्या अंगात उष्णता निर्माण करून ताप आणता येत नाही. त्याला ऊब हवी असेल तर उबदार जागी जाऊन बसावे लागते. १९७५ साली मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जंतुसंसर्ग झालेल्या वाळवंटी इग्वानांना वेगवेगळ्या तापमानांत ठेवले, तेव्हा अधिक उबेत ठेवलेले प्राणी अधिक संख्येने वाचले. उष्णतेत अनेक जंतूंची वाढ मंदावते आणि शरीराच्या बचावाच्या पेशी अधिक तत्परतेने काम करतात. अर्थात हे फुकट होत नाही. तापमान एका अंश सेल्सिअसने वाढले की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो, नाडी जलद होते, श्वास वाढतो, पाणी अधिक उडून जाते. धडधाकट माणूस हा खर्च सोसतो. ज्याचे हृदय किंवा फुप्फुसे आधीच थकलेली आहेत त्याला तो जड जातो. म्हणून अशा माणसाचा ताप लवकर उतरवण्याकडे डॉक्टरांचा कल असतो, आणि खेळत्या-बोलत्या मुलाच्या कणकणीकडे ते शांतपणे पाहतात. त्यात विसंगती काही नाही.

आता आकड्याविषयी. ३७ अंश, म्हणजे फॅरनहाइटच्या मोजणीत ९८.६, हा आकडा जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांच्या १८६८ मधल्या ग्रंथामुळे जगभर रूढ झाला. त्यांनी हजारो रुग्णांची तापमाने काखेत मोजून घेतली होती, आणि त्यासाठी वापरलेले थर्मामीटर आजच्या मानाने अवजड होते. सहज खिशात मावेल असा आखूड थर्मामीटर त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी बनवला, आणि ताप मोजणे ही गोष्ट पुढे घराघरांत पोहोचली. मात्र वुंडरलिश यांचा आकडा ही सर्वांना लागू पडणारी रेषा नव्हे, आणि त्यांनी स्वतःही तापमानाला एक पट्टा असतो असेच सांगितले होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी प्रौढांचे तोंडातले सरासरी तापमान ३६.८ भरले. शिवाय ते दिवसभर बदलत राहते; पहाटे सर्वांत कमी असते आणि दुपार कलल्यावर सर्वांत अधिक. संध्याकाळी ताप वाढलेला दिसतो त्यामागे पुष्कळदा हा रोजचा चढउतारही असतो, दरवेळी आजार बळावलेला असतोच असे नाही. सर्वसाधारणपणे ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा त्याहून अधिक तापमानाला ताप म्हणावे असा संकेत आहे.

हा आकडा कुठे मोजला, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. काखेतले तापमान शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा कमी भरते. तोंडातले त्याहून अधिक जवळचे, पण काही गरम-गार प्यायल्यानंतर पंधरा-वीस मिनिटे थांबून घेतले तरच. कपाळासमोर धरायचे उपकरण सोयीचे खरे, पण घामाने ओले झालेले कपाळ त्याला चकवते. तान्ह्या बाळाचे सर्वांत खात्रीचे माप गुदद्वारातून मिळते. ते कसे घ्यायचे हे डॉक्टरांकडून किंवा परिचारिकेकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे. काखेत मोजताना आधी काख पुसून कोरडी करावी, थर्मामीटरचे टोक काखेच्या अगदी खोलगट भागात टेकवावे, मध्ये कपडा अडकलेला नाही हे पाहावे आणि दंड छातीशी दाबून धरून सूचनेचा आवाज येईपर्यंत थांबावे. साध्याशा या गोष्टी, पण त्यांतली एक राहिली की अर्ध्या-एक अंशाचा फरक सहज पडतो, आणि त्या फरकावर घरातली झोप उडते किंवा नको तेवढी गाढ लागते. पाऱ्याचा जुना थर्मामीटर फुटला तर त्यातला पारा विषारी असतो, म्हणून घरात डिजिटल थर्मामीटरच बरा. आणि प्रत्येक वेळी तोच थर्मामीटर, तीच जागा ठेवावी, म्हणजे आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येते.

पण आकडा किती चढला याचा आजाराच्या गंभीरपणाशी सरळ संबंध असतोच असे नाही, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. साध्या विषाणूने मुलाचा ताप १०४ पर्यंत फणफणू शकतो आणि औषधाने जरासा उतरताच ते मूल खेळणे मागते. उलट गंभीर जंतुसंसर्गातही थर्मामीटर १०१ च्या पुढे जात नाही, असेही घडते. तापाची पालकांना वाटणारी अवाजवी धास्ती अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बार्टन श्मिट यांनी १९८० साली अभ्यासून मांडली, आणि ती अजून ओसरलेली नाही. ताप डोक्यात जाईल, मेंदूला इजा होईल, ही भीती सर्वांत मोठी. प्रत्यक्षात संसर्गाच्या तापात मेंदूचे नियंत्रण शाबूत असते, आणि ४१ अंशांच्या वर ताप क्वचितच जातो.

आकडीची भीती मात्र समजण्यासारखी आहे, कारण ती पाहण्याइतके भयंकर दृश्य आईबापांच्या वाट्याला क्वचितच येते. सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या दर शंभर मुलांपैकी साधारण दोन ते पाच मुलांना तापात कधीतरी आकडी येते. मूल ताठ होते, डोळे फिरवते, हातपाय झटकू लागते, हाक मारली तर ओ देत नाही. अशा वेळी मुलाला जमिनीवर किंवा पलंगाच्या मध्यभागी कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला साराव्यात आणि घड्याळाकडे पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध यांतले काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात आणि मागे कायमची इजा ठेवत नाहीत. पाच मिनिटांनंतरही ती चालू राहिली, पुन्हा पुन्हा आली, किंवा थांबल्यावर मूल शुद्धीवर येत नसेल, तर लगेच रुग्णवाहिका बोलवावी. आणि आकडी पहिलीच असेल तर ती थांबली तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तापाचे औषध वेळेवर दिल्याने आकडी टळते असा सर्वसाधारण समज आहे, पण तसे होत नाही असे अभ्यासांत दिसून आले आहे. ज्यांच्या मुलाला आकडी येऊन गेली आहे अशा आईवडिलांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, कारण औषध द्यायला उशीर केला म्हणून ते स्वतःला अकारण बोल लावत राहतात.

मग औषध द्यायचे ते कशासाठी? आजाऱ्याला बरे वाटावे, अंगदुखी कमी व्हावी, त्याने दोन घोट पाणी प्यावे आणि त्याला झोप लागावी यासाठी. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या ते एक तासात ताप अंश-दीड अंशाने उतरला की औषधाने आपले काम केले. तो नेमका ९८.६ वर आला नाही म्हणून दुसरी मात्रा देऊ नये. शांत झोपलेल्या मुलाला केवळ औषधासाठी उठवण्याचीही सहसा गरज नसते. मात्रा वयापेक्षा वजनावर ठरवणे अधिक चांगले: दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक वेळा नाही. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नये. बारा किलोच्या मुलाला १२० ते १८० मिलिग्रॅम लागते. बाटलीवर ‘दर ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम’ असे छापलेले असेल तर पाच ते साडेसात मिलिलिटर. पण त्याच औषधाची ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ अशी बाटलीही मिळते, आणि तिच्यातले साडेसात मिलिलिटर म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या दुप्पट. रात्री झोपमोड होऊन उठलेला माणूस नाव वाचतो आणि आकडा वाचायचा राहतो, म्हणून हा आकडा दिवसाउजेडी वाचून मात्रा कागदावर लिहून ठेवावी आणि औषध खुणा असलेल्या पिचकारीनेच मोजावे. स्वयंपाकघरातल्या चमच्यांचे माप एकसारखे नसते.

प्रौढांसाठी ५०० ते १००० मिलिग्रॅमची मात्रा, आणि दिवसाला ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. यकृताचा आजार, फार कमी वजन किंवा दारूचे व्यसन असेल तर मर्यादा याहून खाली. सर्दीखोकल्याच्या कित्येक मिश्र गोळ्यांत आणि औषधांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते. तापाची गोळी वेगळी आणि सर्दीची गोळी वेगळी असे समजून दोन्ही घेणाऱ्याच्या पोटात नकळत दुप्पट औषध जाते, आणि अतिमात्रेने होणारी यकृताची इजा पहिल्या दिवशी कळूनही येत नाही. अशी शंका आली तर त्रासाची वाट न पाहता रुग्णालयात जावे, कारण त्यावरचा उतारा लवकर दिला तरच चांगला लागू पडतो. ॲस्पिरिन मुलांना तापात देऊ नये. त्यामुळे होऊ शकणारा राय सिंड्रोम दुर्मीळ असला तरी मेंदू आणि यकृत दोन्हींना घातक आहे. आयब्युप्रोफेन उपयोगी औषध आहे, पण अंगातले पाणी कमी झाले असेल किंवा डेंग्यूची शंका असेल, तर ते टाळावे.

पट्ट्यांविषयी लिहिताना मला थोडे जपून लिहावेसे वाटते, कारण कपाळावर पट्ट्या ठेवणाऱ्या हातांत फार माया असते. कोमट पाण्याची पट्टी आजाऱ्याला सुखावत असेल तर ती खुशाल ठेवावी. पण बर्फ, गार पाण्याची अंघोळ आणि स्पिरिटने अंग पुसणे हे प्रकार पूर्णपणे सोडून द्यावेत. मेंदूचा काटा वर असताना बाहेरून अंग गार केले की शरीर आणखी थरथरून उष्णता वाढवते आणि आजाऱ्याचे हाल तेवढे होतात. स्पिरिट तर मुलाच्या त्वचेतून आणि श्वासातून अंगात भिनते.

पाण्याकडे मात्र आकड्याइतकेच, किंबहुना अधिक लक्ष हवे. थोडे थोडे, वारंवार, जे रुचेल ते प्यायला द्यावे. उलट्या-जुलाब असतील तर जलसंजीवनी. अंगावर पिणाऱ्या बाळाला अधिक वेळा पाजावे. खाण्याचा आग्रह एक-दोन दिवस नसला तरी चालतो. लघवी किती वेळा झाली आणि तिचा रंग गडद आहे का, हे कागदावर तापाच्या शेजारीच लिहावे. मी त्या कागदावर वेळ, ताप, दिलेले औषध, लघवी आणि शेवटी ‘कसा दिसतो’ असा एक रकाना ठेवते, आणि डॉक्टरांनी सर्वांत आधी वाचावा तो हाच शेवटचा रकाना, असे मला वाटते. बोलतो का, नजर देतो का, ताप उतरल्यावर थोडा तरी हसतो का, यातून जे कळते ते थर्मामीटर सांगत नाही.

श्वास मोजणे हे असेच एक काम आहे, आणि ते कुणालाही जमते. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याचा सदरा वर करून पोटाचे वरखाली होणे पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिने ते वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ते जलद समजतात. तापानेही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे. तरीही आकडा चढाच राहिला तर त्याच दिवशी मुलाला डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना फासळ्यांखाली खळगा पडत असेल, किंवा मूल कण्हत असेल, तर पुन्हा मोजत न बसता सरळ रुग्णालय गाठावे.

थांबू नये असे प्रसंग आणखीही आहेत. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश ताप आला तर ते हसरे दिसत असले तरी लगेच डॉक्टर गाठावेत. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माणसाचेही तसेच. मान ताठ होणे, उजेड सहन न होणे, बरळणे, हाकेला नीट प्रतिसाद न देणे, सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, आठ-दहा तास लघवीच न होणे, अंगावर उठलेले लाल-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबून पाहिला तरी न फिकटणे, ही सारी तातडीची लक्षणे होत. वृद्धांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. त्यांच्या अंगात ताप फारसा चढतच नाही, आणि न्यूमोनिया किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग अचानक आलेला गोंधळ, तोल जाणे, जेवण टाकणे अशाच रूपांत समोर येतो. आणि असे काहीच नसले, तरी ताप तीन दिवसांच्या पुढे गेला की तपासणी व्हायलाच हवी. हिवतापाच्या प्रदेशात राहणाऱ्याने किंवा तिथून आलेल्याने तर तेवढेही थांबू नये.

घरात उरलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्या या काळात फार खुणावतात. बहुतेक ताप विषाणूंचे असतात, त्यांच्यावर त्या गोळ्या चालत नाहीत. आणि जिथे त्या खरोखर हव्या असतात तिथे दोन-चार गोळ्यांनी रोग अर्धवट दबतो आणि पुढची तपासणी फसवी निघते. पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे आजार किरकोळ आहे, हाही असाच एक फसवा निष्कर्ष. गंभीर आजारातला तापदेखील त्या गोळीने तात्पुरता उतरतो.

ताप उतरल्यावर घर सुटकेचा श्वास टाकते, आणि बहुतेक वेळा त्यात वावगे काही नसते. पण डेंग्यूमध्ये खरा धोक्याचा काळ ताप उतरतानाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसांत सुरू होतो, म्हणून त्या एक-दोन दिवसांत पोटदुखी, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण थकवा किंवा बेचैनी दिसली तर ‘आता ताप नाही’ या समाधानावर विसंबू नये. इतर तापांत, औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही की मूल शाळेत आणि मोठी माणसे कामावर जाऊ शकतात, जरी अशक्तपणा त्यानंतरही बरेच दिवस मागे रेंगाळतो. या दिवसांत आजार अंगावर काढू नये आणि कागदही लगेच टाकून देऊ नये. दोन-तीन दिवस बरे वाटून ताप पुन्हा उलटला आणि सोबत खोकला किंवा धाप असेल, तर फ्लूच्या पाठोपाठ न्यूमोनिया झालेला असू शकतो. तेव्हा पहिल्या तापाच्या तारखा आणि दिलेली औषधे यांची ती नोंद घेऊनच डॉक्टरांकडे जावे.